सी ड्राइव्हचे दोन भाग करताना

प्रश्न : नव्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे, विंडोज ११ आहे आणि सगळी जागा एकट्या सी ड्राइव्हला दिलेली आहे. फोटो आणि हिशेबाच्या फाइलींसाठी डी ड्राइव्ह करायचा आहे. पण सी छोटा करायला गेल्यावर चारशे जीबी रिकामी असूनही जेमतेम १८ जीबी निघेल असे दिसते. आणि ५१२ ऐवजी ४७६ जीबीच का दिसतात?
– एक वाचक, कराड

उत्तर : ४७६चे आधी उरकू. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजते. चोरी कुणाची नाही.

आता अडथळा. विंडोज सी ड्राइव्ह शेवटाकडून कापत येते आणि हलवता न येणारी पहिली फाइल लागली की तिथेच थांबते. त्या फाइलच्या अलीकडे कितीही जागा मोकळी असो, तिचा उपयोग नाही. अशा फाइली बहुधा तीन ठिकाणच्या असतात : हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करण्याची सोय), पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी). तिन्ही तात्पुरत्या काढाव्या लागतात.

हायबरनेशनसाठी कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये सीचे प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट डिलीट करा. पेजिंग फाइलसाठी व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये ‘नो पेजिंग फाइल’ निवडा आणि शेजारचे ‘सेट’ बटण दाबा. ते न दाबता नुसते ‘ओके’ केले की काहीच बदलत नाही, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. मग रीस्टार्ट. तरीही आकडा वाढला नाही, तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ॲप्लिकेशन नोंदींमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. आड आलेल्या फाइलचे नाव तिथे मिळते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप) बऱ्याचदा आधीच चालू असते, म्हणून ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा.

सीला २०० जीबी ठेवा, कंजुषी नको. आकडा एमबीत द्यायचा असतो : डीसाठी २७५ जीबी हवे तर २७५ गुणिले १०२४, म्हणजे २,८१,६००. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधल्या ‘श्रिंक व्हॉल्यूम’मध्ये तो भरा, मोकळ्या झालेल्या जागेवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा, एनटीएफएस आणि क्विक फॉरमॅट निवडा. सुरुवातीचा ईएफआय (विंडोज सुरू करणारा) आणि शेवटचा रिकव्हरी (दुरुस्तीसाठीचा) हे छोटे भाग फुकटची जागा समजून पुसू नका. शेवटी बंद केलेल्या तिन्ही गोष्टी पुन्हा चालू करा.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर कॉपी-पेस्ट करून हलवू नका. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅबवरून हलवा, आणि प्रत्येकासाठी डीवर वेगळे फोल्डर करून. थेट डीच्या मुळाशी डॉक्युमेंट्स नेले की अख्खा डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि मग सोडवता नाकी नऊ येतात. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो आधी थांबवा. प्रोग्राम मात्र सीवरच राहू द्या.

प्रश्न : सी ८० जीबीचा केला होता, तो भरला. डीमधून ५० जीबी कमी केले, पण सीचे ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकटच दिसते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डी कमी केल्यावर जागा सुटली ती डीच्या मागे. सीला ती लागते अगदी लगतच, उजव्या बाजूला. मध्ये डी उभा आहे. विंडोजच्या साधनांनी एकच वाट : डीची प्रत बाहेर घ्या, डी डिलीट करा, सी वाढवा, उरलेल्यात डी पुन्हा करा. मधला भाग सरकवणारे बाहेरचे प्रोग्राम आहेत, पण ते काम चालू असताना वीज गेली तर डेटा जातो. म्हणूनच वर २०० म्हटले. २५६ जीबीच्या डिस्कचे तर भागच करू नयेत.

प्रश्न : विंडोज बिघडले तर डीमधला डेटा सुरक्षित ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : विंडोज बिघडले तर हो, एसएसडी बिघडली तर दोन्ही जातात. विंडोज नव्याने टाकताना यादीत सी, डी अशी अक्षरे नसतात, पार्टिशनचा (डिस्कच्या भागाचा) क्रमांक आणि आकार असतो. म्हणून दोघांचे आकार सारखे ठेवू नका. निम्मेनिम्मे केलेल्या डिस्कवर भलताच भाग फॉरमॅट व्हायला वेळ लागत नाही.