घरातल्या गव्हाच्या कोठीत किड्यांसाठी सल्फासची गोळी ठेवली तर चालेल का?

नाही, राहत्या घरात ती गोळी अजिबात ठेवू नका, अगदी पुरचुंडीत बांधूनसुद्धा नाही. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने ती फुलते आणि फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. हा वायू कोठीच्या झाकणाखाली अडून राहत नाही, फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. लसणासारखा वास येईलच, असंही धरून चालू नका. मी गोदामात धुरी देण्याच्या कामात आहे. तिथे थप्पीवर ताडपत्री टाकून कडेने वाळूच्या पिशव्या दाबतात, बरेच दिवस कुणी आत जात नाही. म्हणूनच ही गोळी किरकोळ विकायला कायद्याने बंदी आहे.

घरी खरा उपाय वाळवण्याचा. गहू कडक उन्हात द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, नुसता दबला तर अजून ओल आहे. पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरला की कोठीला आतून घाम येतो. वर्षाच्या गव्हाला एरंडेलाचा हात चोळून ठेवा.

मॅलॅथिऑन ५० ईसी हे पाण्यात मिसळून फवारायचं कीटकनाशक वापरायचंच असेल तर रिकाम्या गोदामाच्या भिंती-फरशीवर, १ लिटर औषध १०० लिटर पाण्यात. खायच्या धान्यात थेंबही नको. बियाण्याची गोष्ट वेगळी, पण औषध लावलेलं बियाणं वेगळ्या खोलीत, पोत्यावर ठळक लिहून ठेवा.