चर्चला न येणाऱ्यांसाठी नाशिकमध्ये देवाधर्माच्या गप्पांचा कट्टा कसा सुरू करावा?

तुम्ही विचारलंय की, चर्चची पायरी न चढणाऱ्या, पण देवाबद्दल बोलावंसं वाटणाऱ्या माणसांसाठी एखादी साधी बैठक जमवता येईल का. येते. माझी पहिली मात्र सपशेल फसली होती.

शरणपूर रोडजवळच्या आमच्या घरी हॉलमध्ये मी दहा खुर्च्या गोल मांडल्या, बायबलमधल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स काढल्या, सुरुवातीला प्रार्थना ठेवली. पहिल्या गुरुवारी नऊ जण आले. चौथ्या गुरुवारी मी, बायको आणि झेरॉक्स. शेजाऱ्यांनी जिन्यात विचारलं, "घरसभा चालू केली वाटतं?" त्यांचं काय चुकलं? मी चर्चच उचलून हॉलमध्ये आणलं होतं.

पुढे जे जमलं ते न ठरवता. गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या फेऱ्या झाल्या की आम्ही चार-पाच जण टपरीवर थांबायचो. विषय गुडघे, पेन्शन, पोरांची लग्नं. त्यात नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक वारकरी काका होते. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात माणूस गेल्यावर तेराव्याला काय करतात हो?" काकू जाऊन महिना झाला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. माझ्या जिभेवर बायबलमधलं वचन तयार होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "काका, तुम्ही काय काय केलंत?" ते बोलत राहिले. ग्लासातल्या चहावर साय धरली, ती बोटाने काठाला लावत म्हणाले, "ती रोज दोन कप ठेवायची. आता एकट्यासाठी पाणी किती घालायचं तेच समजत नाही." कोणीच काही बोललं नाही. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर काका आधीच बाकावर बसलेले.

म्हणून माझं सांगणं एवढंच की नवी जागा शोधू नका. माणसं जिथे आधीच दुसऱ्या कामासाठी येतात तिथे जा आणि दर आठवड्याला त्याच वेळी जा. चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. तुम्ही दिलेत की तुम्ही यजमान झालात, आणि पाहुणा यजमानाला पटेल तेच बोलतो. व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, सकाळच्या फुलांखाली सगळं बुडतं. आठाच्या वर माणसं झाली की भाषण सुरू होतं, मग सरळ दोन बाक करा.

मी ख्रिस्ती आहे हे तिथे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. लपवलंत तर पुढे लोक दगा झाला म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. "आज ना उद्या हे चर्चला येतील" असा मनात हिशेब असेल तर सुरूच करू नका, माणसांना वास लागतो. पाळकसाहेबांना मात्र आधी सांगून ठेवा आणि उपासनेची वेळ टाळा. आमचे पाळक आधी जरा नाराज होते. आता कधीमधी तेही चहाला येतात, पांढरी कॉलर घरी ठेवून.

कोणी म्हणालं की हे आपल्यात बसत नाही, तर त्यांना ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण करून द्या. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या, आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे यजमान. त्यांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले.

पावसाळ्यात टपरीची ताडपत्री गळते, मग आम्ही काकांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसतो. तिथे पैशांचा नियम चालत नाही, चहा काका करतात. सहा जणांसाठी ठेवतात आणि दोन कप हमखास उरतो.