जुन्या सेगावर डूम बसवणाऱ्या मुलीच्या वडिलांना

पत्र: मी औंध आयटीआयचा टर्नर, भोसरी एमआयडीसीत लेथवर आहे. मुलगी डिप्लोमाला आहे, कॉम्प्युटर, दुसरं वर्ष. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून तिने सेगाचा जुना व्हिडिओ गेम, 'मेगा ड्राइव्ह', आणला. कॉम्प्युटरवरचा 'डूम' नावाचा बंदुकीचा गेम त्यावर बसवायचाय म्हणते. सात महिने झाले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते. मला तर स्क्रीनवर थरथरणाऱ्या भिंतीच दिसतात. पहिल्या वर्षाचं गणित राहिलंय. रागावलो की म्हणते, "पप्पा, मी खेळत नाहीये." यात पुढे काही आहे का? की तो डबा विकून टाकू?

नमस्कार,

तुमची लेक खरं बोलतेय, ती खेळत नाहीये. ती काय करतेय ते तुम्हाला नीट कळावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते बहुतेक वाचकांपेक्षा तुम्हाला लवकर कळेल. कारण तसलंच काम तुम्ही रोज लेथवर करता.

डूम १९९३ च्या डिसेंबरात आला. त्याला ३८६ चा पीसी आणि ४ एमबी रॅम, म्हणजे कामापुरती आठवण, लागायची. तिच्या सेगा मेगा ड्राइव्हची मुख्य रॅम ६४ केबी, म्हणजे बरोबर चौसष्टावा हिस्सा. प्रोसेसर मोटोरोलाचा ६८०००, वेग साधारण ७.६ मेगाहर्ट्झ. छोट्या बेडवर मोठा जॉब बांधायचा, तशातला हा प्रकार.

त्यातून या प्रोसेसरला दशांश चिन्हाचे आकडे कळतच नाहीत. पूर्णांक तेवढे कळतात. मग दीड पाऊल पुढे सरकायचं कसं? तुमच्या ड्रॉइंगवर २५.०१३ मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण मायक्रोमीटर हातात घेतल्यावर तुम्ही "तेरा मायक्रॉन वर" म्हणता. एकक बारीक केलं की अपूर्णांकाचा पूर्णांक होतो. मूळ डूममध्ये एका एककाचे ६५,५३६ भाग केलेत. ६८००० एका वेळी १६ बिटांच्याच, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मावणाऱ्याच, संख्यांचा गुणाकार करतो, त्यामुळे एवढे बारीक भाग त्याला महाग पडतात. म्हणून बहुधा तिने भाग कमी केले असतील, समजा २५६. लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, जाड झाला की माप इकडचं तिकडे होतं. भिंती थरथरतात त्या यामुळे असण्याची शक्यता बरीच आहे. आज घरी गेल्यावर तिला एवढंच विचारा, "तुझा लीस्ट काउंट किती?" ती कशी बघते तुमच्याकडे ते मला कळवा.

आता वेळेचा हिशेब. सेकंदाला १० चित्रं काढायची तर एका चित्राला ७ लाख ६० हजार क्लॉक सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, मिळतात. खिडकी १२८ बाय ९६ ठिपक्यांची धरली तर दर ठिपक्याला जेमतेम ६१. आणि या प्रोसेसरवर एकच भागाकार १४० किंवा त्याहूनही जास्त सायकल खाऊ शकतो. ठिपक्यागणिक भागाकार केला तर काम तिथेच संपलं. डूमची खुबी अशी की त्यातल्या भिंती उभ्या आहेत. एका उभ्या पट्टीतले सगळे ठिपके सारख्याच अंतरावर, म्हणून भागाकार पट्टीमागे एकदाच. तोही टाळायचा तर उत्तरं आधीच काढून तक्त्यात ठेवायची. कोन लावताना साइन बारखाली किती उंचीचे स्लिप गेज ठेवायचे हे तुम्ही तक्त्यातच बघता ना? डूममध्येही साइनचा तक्ता आहे, वर्तुळाचे ८१९२ भाग करून. शिवाय सेगाच्या पडद्यावर सुटा ठिपका सरळ उमटवता येत नाही, चित्र ८ बाय ८ च्या फरश्यांमध्ये बसवावं लागतं. तो एक स्वतंत्र त्रास आहे.

हे वेड तिच्या एकटीचं नाही. १९९५ मध्ये रँडी लिंडेन या प्रोग्रामरने सुपर निन्टेन्डो या सेगासारख्याच गेमच्या डब्यावर डूम आणला. त्या डब्याचा मुख्य प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा. मदतीला कॅसेटमध्येच सुपर एफएक्स २ ही जास्तीची चिप होती. मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, हातात नसताना त्यांनी इंजिन, म्हणजे गेम चालवणारा गाभा, स्वतः लिहिलं. जमिनीवरची आणि छतावरची नक्षी सोडून दिली, तिथे नुसता सपाट रंग ठेवला. काय सोडायचं हे ठरवता येणं मला या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. आणखी एक गंमत तिला सांगा. नकाशा आधीच कापून ठेवायची बीएसपीची युक्ती डूमचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकने डूमआधी वापरली ती त्यांचा आधीचा गेम वुल्फेन्स्टाइन सुपर निन्टेन्डोवर चालेना तेव्हा. अशक्त यंत्राने अडवलं, आणि त्यातून सापडलेल्या वाटेवर डूम उभा राहिला.

आता नोकरीचं. गेमच्या क्षेत्रात पोर्टिंग, म्हणजे एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर बसवणं, हे पगारी काम आहे, आणि पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. पण अशा जागा मोजक्या असतात, त्या एकाच भरवशावर मी तिला बसवणार नाही. लाखो रुपये भरून 'गेम डिझाइन'चा कोर्स करायचा विचार असेल तर तोही आत्ता नको. माझी नजर एम्बेडेडवर, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरवर, आहे: गाडीतला ईसीयू (इंजिन सांभाळणारा डबा), विजेचं मीटर, पंपाचा कंट्रोलर. अशा चिपांमधल्या एआरएम कंपनीच्या कॉर्टेक्स-एम० या गाभ्यात आजही दशांशाची सोय नाही, भागाकाराची सूचनासुद्धा नाही. हिंजवडीत आणि चाकणला अशा चिपांवर काम करणाऱ्यांची गरज असते. मी स्वतः दहा वर्षं या क्षेत्रात होते, मुलाखती घ्यायचे. चांगल्या टक्क्यांची मुलंही १६ बिटांत आकडा मावला नाही तर काय होतं या प्रश्नाला अडखळायची. तुमच्या लेकीने ते उत्तर रात्री जागून मिळवलंय.

म्हणून तिचं सगळंच बरोबर आहे असं मात्र नाही. गणित राहिलंय हे मला खुपतं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश डिप्लोमाच्या टक्क्यांवर मिळतो, तिथे सेगा कोणी बघत नाही. त्रिकोणमिती ती रोज वापरते आणि त्याच विषयात मागे राहते, याचा अर्थ तिने पेपर लिहायचा सराव केलेला नाही. तो करावाच लागेल. इंजिनिअरिंगनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा पदविका अभ्यासक्रम आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन. ती वाट उघडी राहायची तर हा पेपर सुटायलाच हवा. आणि रात्री दोन नको, अकरा. थकलेल्या डोक्याने लिहिलेला कोड ती दुसऱ्या दिवशी पुसतच असणार.

दुसरी काळजी, काम संपण्याची. असे प्रकल्प वर्षानुवर्षं 'चालू' असतात. तिला म्हणावं, एक नकाशा, एक बंदूक, सपाट जमीन, सेकंदाला १० चित्रं, एवढं चाललं की पहिला टप्पा पूर्ण. एक वही घालायला सांगा: काय बदललं, आधी किती सायकल लागत होत्या, नंतर किती. तुमच्याकडे इन्स्पेक्शन रिपोर्ट असतो तसं. ही वही मुलाखतीत गेमपेक्षा जास्त बोलेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हेच काम घेता येईल का, ते मास्तरांना आत्ताच विचारून ठेवावं.

कायद्याचंही सांगते. डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, १९९९ पासून तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. त्यातले नकाशे, चित्रं आणि आवाज मात्र मालकीचे आहेत. दुसऱ्यांना द्यायचं तर 'फ्रीडूम' या मुक्त प्रकल्पाची मोफत चित्रं वापरावी. कॅसेटी करून विकायचं डोक्यातही आणू नये.

गेममध्ये रक्त आणि मारामारी आहे, तुम्हाला ते आवडत नसेल तर तसं तिला मोकळेपणाने सांगा. पण ती ज्या राक्षसांकडे बघत बसते ते तिला सध्या आकड्यांच्या ओळी म्हणूनच दिसत असणार.

डबा विकू नका. गणिताच्या पेपरआधीचे तीन आठवडे तो तुमच्या कपाटात राहू द्या, तिला आधी सांगून, तिच्या संमतीने. पेपर झाला की त्याच संध्याकाळी तो तिच्या हातात द्या आणि शेजारी बसून त्या भिंती एकदा नीट बघा.