आधी बाण काढ

प्रिय,

तुझ्या व्हिडिओ गेममधली गुहेची लेव्हल काल रात्री दोनदा खेळले. एकदा तुझ्या वाट दाखवणाऱ्या पिवळ्या बाणांसकट, एकदा ते बंद करून. बाण नसताना दुसऱ्याच खोलीत अडकले. दार उघडलं की समोर कोरी भिंत, आणि पुढचा बोळ डावीकडे, मागच्या अंगाला, अंधारात. तो कोणाला दिसणार? चूक खोलीत आहे, बाण ही वरची मलमपट्टी.

एडिटरमध्ये, म्हणजे लेव्हल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपण घारीसारखं वरून बघतो, म्हणून आपल्याला सगळंच स्पष्ट वाटतं. प्रत्येक दाराच्या चौकटीत खेळाडूच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेव आणि बघ, पहिली नजर कशावर पडते. पाय नजरेच्या मागून जातात.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५चा आहे, पण त्याची पहिली लेव्हल आजही एकेक पाऊल थांबून बघण्यासारखी आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. कुठे जायचं हे सांगायची गरजच उरत नाही. थोडं पुढे प्रश्नचिन्हाचा चमकता ठोकळा, आणि समोरून चालत येणारा शत्रू, गुम्बा. उडी मारायला शिकावंच लागतं. ठोकळ्याला खालून धडक दिली की त्यातून मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून मारिओकडेच परत येतं. डोक्यावर ठोकळ्यांची रांग असल्यामुळे त्याला टाळणं कठीण, म्हणून घाबरलेला नवखाही ते घेऊन बसतो आणि त्याचा मारिओ मोठा होतो! पुढे जिन्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन, पडलात तरी काही बिघडत नाही. दुसरीच्या मध्ये खड्डा. एक अक्षरही न लिहिता केवढं शिकवलंय. आणि एका पाइपवर उभं राहून खालचं बटण दाबलं तर नाण्यांची गुप्त खोली. ज्याला कुतूहल त्याला बक्षीस, बाकीच्यांचं काही अडत नाही. तुझ्या गुहेतल्या आडवाटा मात्र रिकाम्या आहेत. दोनदा रिकाम्या हाताने परतलेला माणूस तिसऱ्या वाटेला जातच नाही.

मोकळ्या मैदानासाठी २०१७चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ बघ. तिथे डोंगर-टेकड्या मुद्दाम त्रिकोणी आहेत. त्रिकोणावर चढायचं की वळसा घालायचा हे खेळाडू स्वतः ठरवतो, आणि त्यामागे काय आहे ते टप्प्याटप्प्याने उलगडतं. आधी नुसतं टोक दिसतं, मग मनोरा, मग त्याच्या पायथ्याची छावणी. तुझ्या गुहेच्या तोंडाशी असा एक खडक ठेवून बघ.

रंग वाईट नसतो. २००८च्या 'मिरर्स एज' या खेळात लाल पाइप आणि लाल दारं वाट दाखवतात, कारण ते शहरच पांढरंशुभ्र आहे. तुझी गुहा आधीच पिवळ्या मशालींनी भरलीय, त्यात पिवळा बाण कसा उठून दिसेल?

उजेडाची मला तर धास्तीच आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एका खेळातल्या पुलाखाली मी कंदील टांगला होता, निव्वळ शोभेसाठी. चाचणीला पाच जण बसले. त्यातले चौघे पूल सोडून कंदिलाकडे गेले आणि नदीत बुडाले. एकजण तर तीनदा. मी मागून 'वर बघा, वर बघा' म्हणत होते. तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला खोलीबाहेर पाठवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. खेळ विकला गेल्यावर खेळाडूच्या पाठीशी मी उभी नसणार. तो कंदील मी पुलाच्या पलीकडच्या टोकाला नेला, बाकी काही हलवलं नाही, आणि पुढच्या चाचणीत कोणी बुडालं नाही.

तूही तसंच कर. टेक्स्चर, म्हणजे भिंती-दगडांवरचं रंगकाम, काढून टाक, राखाडी ठोकळे पुरेत. दोन खोल्या नव्याने मांड, आणि हा खेळ कधीच न पाहिलेल्या कोणालातरी खेळायला बसव. तू मागे गप्प बस. तो कुठे थांबतो, कुठे मागे वळून बघतो, तेवढंच वहीत लिही.

शनिवारी ती वही घेऊन ये, लेव्हल नंतर उघडू.

तुझी,
ताई