व्हिएन्नात तीन दिवस

प्रश्न : म्युनिकला शिकणाऱ्या मुलीकडे आम्ही उभयता तीन आठवडे राहणार आहोत. त्यांतले तीन दिवस व्हिएन्नाला द्यावेत, असे वाटते. वेगळा व्हिसा लागेल का? काय पाहावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रिया हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने, जिथे मुक्काम अधिक त्या जर्मनीकडेच अर्ज करावा; तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि सोबत किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. म्युनिकहून थेट रेल्वेने सुमारे चार तासांत व्हिएन्ना येते.

तिथे गेल्यावर सगळेच पाहण्याचा मोह कृपया आवरावा. १८९१ साली खुल्या झालेल्या कलेतिहास संग्रहालयाला माझ्या मते पूर्ण दिवस द्यावा, कारण सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रुगेलच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे आणि ती चित्रे, विशेषतः शेतकरी जीवनाची, घाईने पाहण्यासारखी नाहीतच. शोनब्रुन राजवाड्याच्या दालनांचे वेळ ठरवलेले तिकीट आधी काढावे. भोवतालच्या विस्तीर्ण उद्यानात मात्र विनामूल्य फिरता येते. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघ्यांचा विचार करूनच चढावे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. खरेदी शनिवारीच उरकावी.