पाऊस यायच्या आत झाडांकडे बघा

बडोद्यात पाऊस जूनच्या मध्यावर येतो, वारा त्याआधीच. 2021 चं तौक्ते चक्रीवादळ तर मे महिन्यातच गुजरातेत शिरलं. तेव्हा तुमच्या गुलमोहराचं काम आत्ताच उरका.

आधी बुंध्याशी बसून बघा. अळंबी उगवलीय? एका बाजूची माती उचलली गेलीय? मग छाटणीच्या भानगडीत न पडता जाणकाराला बोलवा. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवले असतील तर मोकळे करा.

सरसकट शेंडा मात्र छाटू देऊ नका. आमच्या माळ्याने तेच केलं (मीच हो म्हटलं होतं!). नंतर फुटलेले जोमदार धुमारे दुसऱ्याच पावसाळ्यात सालीसकट सोलून निघाले, एक थेट स्कूटरवर.

जड फांदी तीन कापांत उतरवायची. खोडापासून वीतभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण. उरलेला खुंट शेवटी, खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. कडं कापलं तर जखम नीट भरत नाही. डांबर-बिंबर फासू नका.

शेवगा ठिसूळच, शेंगा उतरल्या की निम्म्यावर आणा. तारांना टेकलेल्या फांद्यांना तुम्ही हात लावायचा नाही, वीजवाल्यांना कळवा.