संग्राहकांचे प्रश्न: काकांच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं

प्रश्न: नमस्कार. माझे काका तारवटी होते, सत्तरच्या दशकात त्यांची बोट अमेरिकेच्या बंदरांत लागायची. यंदा चवथीच्या साफसफाईत माळ्यावर त्यांचा बुटांचा खोका मिळाला, आत बेसबॉल खेळाडूंची शंभर-सव्वाशे कार्डं, रबर बँड लावून गठ्ठे केलेली. किनार दोन रंगांची, म्हणजे वर तपकिरी तर खाली नारिंगी अशी, आणि फोटोवर खेळाडूची सही आहे. काहींना ओलीचा वास येतो. सह्या खऱ्या असतील का? किंमत किती येईल? भाचा म्हणतो सगळी लॅमिनेट करून टाकूया. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: भाच्याला आधी थांबवा! लॅमिनेट केलेलं कार्ड परत मोकळं होत नाही आणि जाणकार संग्राहक त्याला हात लावत नाही. पुसायचं नाही, इस्त्री नाही, उन्हात पण घालायचं नाही.

तुम्ही सांगता त्यावरून ही टॉप्स या कार्डं छापणाऱ्या अमेरिकन कंपनीची 1975 सालची कार्डं वाटतात, दोन रंगांची किनार ही त्या वर्षाची खूणच आहे. खात्री करायची तर कार्ड उलटा, मागे खेळाडूचे वर्षावार आकडे असतात, त्यात शेवटचं वर्ष 1974 असेल तर कार्ड 1975 चं. सह्या मात्र छापलेल्या आहेत, त्या वर्षी खेळाडूंच्या कार्डांवर तशा छापल्या होत्या, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

आता किंमत. त्या संचात 660 कार्डं होती आणि त्यातली बहुतेक आजही सहज मिळतात, म्हणून गठ्ठ्याचा एकच भाव कोणी सांगायला लागला तर ऐकू नका, मागचे नंबर बघत एकेक कार्ड तपासा. 223 म्हणजे रॉबिन याउंट, 228 म्हणजे जॉर्ज ब्रेट, दोघांचीही रूकी कार्डं, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, आणि जुन्या कार्डांत सगळ्यांना हवं असतं ते हेच. 1 आणि 660 हे दोन्ही नंबर होम रनचा विक्रम करणाऱ्या हँक ॲरनचे. फूटपट्टी पण लावा, नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच असतं, पण त्याच वर्षी टॉप्सने हाच संच थोड्या लहान आकारातही काढला होता आणि तो अमेरिकेतल्या मोजक्याच भागात विकला गेला. लहान निघालं तर ते जास्त मोलाचं.

आणि अवस्था! चारही कोपरे टोकदार आहेत का, फोटो चौकटीच्या मधोमध आहे का, रबर बँडने कडेला खाच पाडलीय का, यावर एकाच नंबरच्या दोन कार्डांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. रबर बँड चिकट झाला असेल तर ओढू नका, कात्रीने कापा आणि कार्डाला चिकटलेला तुकडा तसाच राहू दे.

आपल्याकडे खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, मग कागदाचं काय. माझ्याकडे 1971 ची काळ्या किनारीची काही कार्डं होती, ती मी फोटो चिकटवायच्या अल्बममध्ये लावली, दोन पावसाळ्यांनी पान उचललं तर काळा रंग पानालाच चिकटून आला आणि कोपऱ्यांवर पांढरा पुठ्ठा उघडा पडला. अजून बघवत नाही. तुम्ही असं करा, वासाची कार्डं वेगळी काढा, पंख्याच्या खोलीत सावलीत दोन-तीन दिवस सुटी ठेवा, मग प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या मऊ स्लीव्हमध्ये (पारदर्शक पाकिटात), चांगली कार्डं त्यावर टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खोळीत, पीव्हीसीची पाकिटं नकोत. सगळं सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि जेलचा रंग बदलला की ती बदला. कॅमेऱ्याचा ड्राय बॉक्स असेल तर उत्तमच. माळ्यावर परत ठेवू नका, तिथे कसर आणि वाळवी दोन्ही आहेत.

पीएसए, एसजीसी अशा अमेरिकन कंपन्या कार्ड तपासून 1 ते 10 गुण देतात आणि सीलबंद करून परत पाठवतात, पण तो खर्च फक्त याउंट किंवा ब्रेट सुरेख अवस्थेत असतील तरच करा.

प्रश्न: ऑनलाइन एकजण होनस वॅगनर या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड बारा हजारांना देतोय, म्हणतो आजोबांचं आहे. घेऊ का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: नको. हे कार्ड 1909 ते 1911 च्या सिगारेटच्या पाकिटांतल्या टी206 संचातलं, वॅगनरने स्वतःच आपलं कार्ड छापणं थांबवायला लावलं, काहीजण म्हणतात मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, काहीजण म्हणतात पैशांवरून, पण त्यामुळे आज जगात साठेकच उरलीत आणि 2022 मध्ये एक 72.5 लाख डॉलरला गेलं. नकला मात्र ढिगाने आहेत. कुतूहल म्हणून भिंगातून खालचं नाव बघा, अस्सल कार्डावर अक्षर अखंड शाईचं असतं, नकलेत अक्षरांतही बारीक ठिपके दिसतात. आणि खरं टी206 कार्ड काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठं असतं. विकणारा भिंग लावू देत नसेल तर तिथेच विषय संपला.

प्रश्न: मामेभावाने अमेरिकेतून 1989 ते 1991 ची न फोडलेली पाकिटं पाठवलीत, दोन खोके भरून. ठेवून द्यावीत का, भाव वाढेल? (एक वाचक, वास्को)

उत्तर: त्या वर्षांत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की संग्राहक त्या काळाला सरळ कचऱ्याचा काळ म्हणतात. सगळ्यांनीच जपून ठेवली, म्हणून दुर्मिळ काहीच झालं नाही. पैशांच्या आशेने जागा अडवू नका. फक्त पाकिटांवर अपर डेक (ही कार्डांची कंपनी) 1989 लिहिलंय का ते बघा, असेल तर ती फोडताना हात कोरडे ठेवा, आणि 1 नंबरचं, म्हणजे केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं रूकी कार्ड निघालं तर लगेच स्लीव्हमध्ये घाला.